मांजरांच्या उपचारात प्रतिजैविकांचा विवेक
(व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने होत असलेल्या या व्याख्यानात मांजरांच्या औषधोपचाराचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. गोशाळा, पांजरपोळ, पक्ष्यांसाठी दाणापाणी ही कार्ये समाजाच्या परिचयाची आहेत. मांजर मात्र जिन्याखाली, गच्चीवर, दुकानाच्या फळीमागे आपले आपण जगणारा प्राणी. त्याची फारशी चिंता कोणी वाहत नसे. आज अनेक घरांत मांजर कुटुंबातील एक जीव म्हणून वावरते आणि गल्लीतील मांजरांना नेमाने खाऊ घालणारी माणसेही सर्वत्र आढळतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे.

मांजर आजारी पडले की अशा घरांत बहुधा एकच क्रम घडतो. औषधांचा डबा उघडला जातो. कुणाच्या घशासाठी, कुणाच्या दाढेसाठी आणलेल्या पट्टीतील दोन-चार गोळ्या शिल्लक असतात. त्यातील एक मोडून, अंदाजाने चूर्ण करून, मांजराच्या तोंडात घातली जाते. चार दिवसांनी मांजर बरे झाले तर गोळीला यश मिळते. न झाले तर दुसरी गोळी शोधली जाते. देणाऱ्याच्या मनात केवळ करुणा असते, याविषयी शंका नाही. परंतु करुणेला ज्ञानाची जोड नसेल तर तिच्या हातून अपाय कसा घडतो, हे प्रतिजैविकांच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

प्रतिजैविक काय करते, काय करत नाही

रोग उत्पन्न करणारे सूक्ष्मजीव अनेक प्रकारचे असतात. त्यांपैकी जिवाणू हा एक प्रकार, विषाणू हा दुसरा, बुरशी हा तिसरा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात. विषाणूंवर त्यांचा काडीमात्र परिणाम होत नाही. म्हणून औषध देण्यापूर्वीचा पहिला प्रश्न हाच की, हा आजार जिवाणूंचा आहे काय?

दुसरी गोष्ट अशी की, पोटात गेलेले प्रतिजैविक केवळ रोगट जागी जाऊन थांबत नाही. आतड्यात, त्वचेवर, तोंडात राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंपर्यंतही ते पोहोचते. त्यांतील दुबळे मरतात आणि ज्यांच्या अंगी त्या औषधाला तोंड देण्याचे सामर्थ्य असते ते उरतात, वाढतात. एवढ्यावर हे थांबत नाही. प्रतिरोधाचे हे सामर्थ्य जनुकांच्या रूपाने एका जिवाणूकडून दुसऱ्या, अगदी भिन्न जातीच्या जिवाणूकडेही जाऊ शकते. आज मांजराच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूने मिळवलेला प्रतिरोध उद्या घातक जिवाणूच्या हाती पडू शकतो, तो असा.

पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच त्यांनी इशारा दिला होता की, जंतू मरणार नाहीत इतक्या अल्प मात्रेत औषध दिल्यास जंतू त्या औषधाला सरावतात. डब्यातील अर्धी गोळी ही नेमकी तीच अल्प मात्रा ठरू शकते.

नेहमीचे चार आजार

मांजराला घरच्या घरी प्रतिजैविक दिले जाते ते प्रामुख्याने चार तक्रारींसाठी. त्यांचा क्रमाने विचार केला असता गोळीची गरज वाटते त्याहून किती कमी आहे, हे ध्यानात येईल.

पहिली तक्रार सर्दीची. शिंका, डोळ्यांतून पाणी, नाकातून स्राव ही लक्षणे बहुतेक वेळा हर्पिस व कॅलिसी या दोन विषाणूंमुळे दिसतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मंडळाने २०१७ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या श्वसनरोगांसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सर्दी झालेले मांजर खाते-पिते असेल, ताप व सुस्ती नसेल, तर १० दिवसांपर्यंत प्रतिजैविकाशिवाय त्याच्यावर लक्ष ठेवावे, असे त्यांत सांगितले आहे. ताप, मरगळ आणि खाणे सोडणे यांच्या जोडीला नाकातून घट्ट, पुवासारखा स्राव येऊ लागला तर मात्र औषध विचारात घ्यावे आणि त्यातही प्रथम डॉक्सीसायक्लिनसारखे साधे औषध निवडावे. तोपर्यंत डोळे-नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने स्वच्छ ठेवणे आणि अन्न किंचित कोमट करून देणे, हीच खरी शुश्रूषा. नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही. आणि वास आला नाही तर ते अन्नाला तोंड लावत नाही.

दुसरी तक्रार लघवीची. मांजर वारंवार बसते, कण्हते, थेंब-थेंब लघवी करते, कधी त्यात रक्त दिसते. माणसाच्या अनुभवावरून हा जंतुसंसर्गच असे गृहीत धरले जाते. तरुण व मध्यमवयीन मांजरांत ते बहुधा खरे नसते. त्यांच्या मूत्राशयाला सूज येते, पण तपासणीत जंतू सापडत नाहीत. मनावरील ताण हे तिच्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण मानले जाते. अशी सूज बहुतेकदा आठवडाभरात आपोआप उतरते आणि श्रेय मात्र गोळीला मिळते. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्या वृद्ध मांजरांत खरा संसर्ग अधिक आढळतो. तेथे लघवीची कल्चर तपासणी करून औषध ठरवणे श्रेयस्कर.

याच ठिकाणी एका धोक्याची सूचना अत्यावश्यक आहे. बोका पुनःपुन्हा लघवीला बसत असेल आणि थेंबही बाहेर येत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असण्याचा संभव असतो. रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. तेथे प्रतिजैविक काहीही करू शकत नाही. नळी घालून मार्ग मोकळा करावा लागतो. घरची गोळी देऊन उद्यापर्यंत वाट पाहणे म्हणजे त्या जिवाची शेवटची संधी घालवणे होय.

तिसरी तक्रार गळवांची. बोक्यांची भांडणे होतात, दात खोल रुततात, वरची जखम मिटते आणि आत पू साठतो. मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला नावाचा जिवाणू त्यास बहुधा कारणीभूत असतो. येथे आजार जिवाणूंचाच असला तरी मुख्य उपचार म्हणजे गळू फोडून, पू काढून, जखम धुणे हा होय. हे नीट झाले आणि मांजराला ताप नसेल तर अनेकदा प्रतिजैविकाची गरजच उरत नाही. पू आत ठेवून गोळ्या देत राहणे हा उलटा प्रकार झाला.

चौथी तक्रार जुलाबांची. आहारातील बदल, जंत, विषाणू अशी तिची कारणे असतात आणि सौम्य जुलाब थोड्या दिवसांत थांबतात. तरीही मेट्रोनिडॅझोल देण्याचा प्रघात पडून गेला आहे. युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत कुत्र्यांच्या सौम्य व मध्यम स्वरूपाच्या तीव्र जुलाबांसाठी प्रतिजैविके देऊ नयेत, असे सांगितले आहे. पिल्लाला खरा धोका असतो तो शरीरातील पाणी घटण्याचा. सलाईनने वाचणारे पिल्लू गोळीने वाचत नाही.

गरज असेल तेथे विलंब नको

या विवेचनाचा अर्थ प्रतिजैविके टाळावीत असा मुळीच नाही. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा भयंकर रोग विषाणूजन्य आहे. तथापि त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आतड्याचे अस्तर नष्ट होते आणि आतड्यातील जिवाणू रक्तात शिरतात. अशा पिल्लाला प्रतिजैविक तातडीने द्यावेच लागते. छातीत पू साठणे, मूत्रपिंडाचा संसर्ग, रक्तात पसरलेली जंतुबाधा या अवस्थांत औषध रोखून धरणे हा तितकाच मोठा दोष ठरेल. औषध केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, हा निर्णय परीक्षणानंतरच होऊ शकतो. अंदाजाने देणारा आणि अंदाजाने नाकारणारा, दोघेही सारखेच चुकतात.

मुदतीविषयीही जुन्या समजुतीत सुधारणा झाली आहे. औषध जितके दिवस अधिक तितके चांगले, ही धारणा आता मागे पडली आहे. लघवीच्या साध्या संसर्गासाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत ३ ते ५ दिवसांचा उपचार सुचवलेला आहे. परिणाम साधेल इतका, पण शक्य तितका अल्प काळ, हे आजचे सूत्र होय. मात्र तो काळ पशुवैद्याने ठरवावयाचा असतो. मांजर उड्या मारू लागले म्हणून मालकाने मधेच औषध बंद करू नये. विचारून मग बंद करावे.

मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे

मांजराच्या यकृताची औषधे पचवण्याची रीत माणसाहून व कुत्र्याहूनही वेगळी आहे. तापावर माणूस सहज घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. ते औषध प्रतिजैविक नव्हे, पण 'ताप व जंतू दोन्ही जातील' म्हणून दोन गोळ्या एकत्र दिल्या जातात, यासाठी त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो.

प्रतिजैविकांतही असे धोके आहेत. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे पशुवैद्यकातील एक परिणामकारक औषध. प्रतिकिलो वजनास दिवसाला ५ मिलिग्रॅम ही मांजरासाठी त्याची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास दृष्टिपटलाला इजा होऊन मांजर कायमचे आंधळे होऊ शकते. औषधाला दृष्टिपटलापासून दूर ठेवणारी प्रथिनाची यंत्रणा मांजराच्या शरीरात सदोष असते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. याच कुळातील, माणसांसाठी सर्रास वापरले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन मांजराच्या आतड्यातून पुरेसे शोषलेही जात नाही; म्हणजे जंतू मरत नाहीत, केवळ सरावतात. डॉक्सीसायक्लिनची गोळी कोरडीच गिळवली तर ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पडतो आणि नलिका आकसते. म्हणून तिच्यामागून पाणी किंवा अन्न देणे अगत्याचे असते. माणसाची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून चार किलोच्या जिवासाठी चिमटीने वाटा काढणे किती अविचाराचे आहे, हे यावरून कळून येईल.

एकाचे औषध, सर्वांची ठेव

एका प्राण्याला दिलेले औषध त्याच्यापुरतेच राहते, हा भ्रम भारतात एकदा फार महाग पडला आहे. गाईगुरांच्या वेदना शमाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिले जाई. ते दिल्यानंतर थोड्याच काळात मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत गेली. हे कारण २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. तोवर गिधाडांच्या काही जाती जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. औषध देणाऱ्यांच्या मनात गिधाडांविषयी वैर नव्हते. त्यांचा विचारच कोणी केला नव्हता.

प्रतिजैविकांची गोष्ट याहून व्यापक आहे. मांजर अंथरुणात झोपते, हात चाटते, लहान मुलांच्या कुशीत शिरते. जिवाणूंची देवघेव दोन्ही दिशांनी चालते. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या एका रुग्णकक्षात मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू वारंवार आढळू लागला होता. त्या कक्षात मोकळे वावरणारे एक मांजरही तो जिवाणू अंगी बाळगून होते, असे तपासात दिसून आले. ही नोंद १९८८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मांजर बाहेर नेल्यावर आणि स्वच्छतेचे उपाय कडक केल्यावर ती साथ ओसरली. त्यात दोष मांजराचा नव्हता. त्याला तो जंतू माणसांकडूनच मिळाला असण्याचा संभव अधिक. माणूस व प्राणी यांच्या औषधांचे भवितव्य वेगळे करता येत नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

या भवितव्याचे गांभीर्य आकड्यांतून कळते. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्यू पावली. प्रतिरोधाशी काही ना काही संबंध असलेले मृत्यू सुमारे ४९ लाख ५० हजार होते. या मृत्यूंचे मुख्य कारण मांजरांची औषधे नव्हेत. माणसांनी माणसांसाठी आणि अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी केलेला अतिवापर हा त्यात कितीतरी मोठा आहे. परंतु आपला वाटा लहान, म्हणून तो बेपर्वाईने उचलावा, असे म्हणता येत नाही.

सोयीचा मोह वैद्यांनाही होतो. सेफोव्हेसिन हे एका इंजेक्शनमध्ये सुमारे १४ दिवस काम करणारे औषध काही देशांत मांजरांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, कारण मांजराला रोज गोळी चारणे हे दिव्यच असते. ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच औषध का निवडले, याचे कारण बहुतांश वेळा लिहिलेले नव्हते आणि कल्चर तपासणी तर अगदीच क्वचित झाली होती, असे त्यात आढळले. हे औषध तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन गटाचे आहे. हा गट माणसांच्या गंभीर आजारांसाठी अत्यंत मोलाचा असल्यामुळे युरोपच्या औषध यंत्रणेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या वर्गवारीत, प्राण्यांसाठी त्याचा वापर मर्यादित ठेवावा, असे म्हटले आहे.

येथे उपस्थित असलेल्या विश्वस्तांना ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संस्थेचा कायम निधी पूर्वजांनी जमवलेला असतो आणि पुढील पिढ्यांसाठी राखावयाचा असतो. आजची गरज कितीही खरी असली तरी त्याला हात लावताना दहा वेळा विचार होतो, ठराव होतो, नोंद होते. प्रतिजैविकांचे सामर्थ्य हाही असाच एक कायम निधी आहे. फरक इतकाच की, त्याचे विश्वस्तपद घरोघरी वाटले गेले आहे.

कायदा आणि औषधाची पट्टी

भारतात या निधीच्या रक्षणासाठी काही नियम झालेले आहेत. औषध नियमांतील एच-१ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात प्रारंभी ४६ औषधे होती आणि त्यांत तिसऱ्या-चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनसारखी मोलाची प्रतिजैविके होती. ती विकताना दुकानदाराने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवावयाची असते आणि ती वही तीन वर्षे जपावयाची असते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने लाल रेघेची मोहीम हाती घेतली. गोळ्यांच्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हा तिचा संदेश. २०१९ मध्ये कोलिस्टिन या अखेरच्या उपायाच्या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापर करण्यास मनाई झाली.

नियम झाले तरी ओळखीच्या दुकानातून 'मांजरासाठी हवी आहे' असे सांगून गोळी घेऊन येणे अवघड नसते. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. ग्राहकाचा विवेकच पोहोचतो.

संस्थेला व कुटुंबाला करता येण्याजोगे

औषध वाचवण्याचा सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे आजारच टाळणे. पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस व कॅलिसी या तिन्ही रोगांवर एकत्रित लस मिळते. पिल्लांना ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने अनेकदा द्यावी लागते. अनेक मांजरे एकत्र ठेवली जातात तेथे गर्दी आणि भीती हीच रोगाची मुळे होत. हर्पिसचा विषाणू एकदा शरीरात शिरला की सुप्तावस्थेत राहतो आणि ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. नवीन मांजर आले की त्याला दोन आठवडे वेगळे ठेवणे, भांडी व वाळूचे खोके स्वतंत्र ठेवणे आणि लपण्यास जागा देणे हे साधे उपाय आहेत. नेदरलँड्समधील निवाऱ्यात केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लपण्यासाठी खोके मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर कमी झाल्याचे दिसून आले. रद्दीत जाणारे पुठ्ठ्याचे खोके काही वेळा महागड्या इंजेक्शनहून अधिक उपकारक ठरते.

प्राण्यांवर उपचार करणाऱ्या किंवा त्यासाठी साहाय्य देणाऱ्या संस्थेने प्रत्येक प्रतिजैविकाची नोंद ठेवावी : कोणत्या प्राण्याला, कशासाठी, किती वजनास, किती दिवस. वर्षअखेरीस ती वही पशुवैद्यासमोर ठेवून कुठे कमी करता येईल, हे पाहावे. औषधांसाठी देणगी देणाऱ्याने कल्चर तपासणीसाठीही देणगी द्यावी. तपासणीचा खर्च जड वाटतो म्हणून अनेकदा अंदाजाचे औषध दिले जाते आणि शेवटी तेच महाग पडते. निर्बीजीकरणासारखी स्वच्छ शस्त्रक्रिया निर्जंतुक रीतीने झाली असता पाठोपाठ प्रतिजैविकांचा मारा करण्याची आवश्यकता नसते. घरोघरची उरलेली औषधे सद्‌भावनेने गोळा केली जात असतील, तर त्यांतील प्रतिजैविके प्राण्यांसाठी परस्पर वाटली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

कुटुंबाने पाळावयाची पथ्ये याहून सोपी आहेत. उरलेली गोळी पुढच्या आजारासाठी राखून ठेवू नये. एका मांजराचे औषध दुसऱ्याला देऊ नये. पशुवैद्याकडे जाताना मांजराचे वय, लघवी, खाणे आणि आधी दिलेली औषधे यांची खरी माहिती द्यावी. घरून दिलेली गोळी लपवू नये. 'आज प्रतिजैविकाची गरज नाही' असे पशुवैद्याने सांगितले तर फी वाया गेली असे मानू नये. त्याने तपासले, विचार केला आणि हात आवरला, त्याचेच ते मोल आहे.

समारोप

मांजर बोलत नाही. दुखते कुठे ते सांगत नाही, औषध बाधले तरी तक्रार करत नाही. माणसाने मुखात घातले ते गिळणे, एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी दुप्पट होते. त्याच्या पाठोपाठ आजारी पडणारे दुसरे मांजर, शेजारच्या घरातील तान्हे मूल, रुग्णालयातील वृद्ध या सर्वांना तेच औषध उद्या लागणार आहे. या साऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेली मात्रा हीच खरी जीवदया; आणि गरज नसता आवरलेला हात हाही तिचाच भाग.

डब्यातील त्या दोन-चार गोळ्यांकडे उपस्थितांपैकी प्रत्येकाने आज घरी गेल्यावर एकदा या दृष्टीने पाहिले, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.